आधी चावी सोडा, मग धूर बघा

डिझेल गाडीला सेल्फ मारला, इंजिन व्यवस्थित फिरतंय, डॅशबोर्डवरचे दिवे लागलेत, पण गाडी काही चालू होत नाही. अशा वेळी जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो: पुन्हा सेल्फ मारतो. मग अजून एकदा. मग शेजारचे काका येतात, तेही मारून बघतात. दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी बसते, स्टार्टर तापून त्याला जळका वास येतो आणि मूळ बिघाड कुठे होता हे सांगणाऱ्या खुणाही पुसल्या जातात. डिझेल गाडी बाळगणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिले दोन प्रयत्न फसले की चावीवरचा हात काढा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये निदान एक मिनिट जाऊ द्या. त्या मिनिटात ऐकायचं आणि बघायचं बरंच काही असतं.

हे आत्ताच सांगायचं कारण असं, की आपल्या रस्त्यांवरच्या लहान डिझेल गाड्या आता बहुतेक जुन्या झाल्यात. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६चे प्रदूषणाचे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. त्याआधीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटांची व्हिस्टा, फियाटची लिनिया या सगळ्यांत फियाटचं तेच १.३ लिटरचं इंजिन मिळायचं. आज या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, पंपाला कधी हात लागला होता का, हे नव्या मालकाला कुणी सांगितलेलं नसतं. आणि या इंजिनांचे इंजेक्टर, पंप स्वस्त नाहीत. शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी वायसरने सुटणारा प्रश्न चुकीच्या निदानामुळे चार इंजेक्टरांच्या बिलापर्यंत जातो, आणि तो भुर्दंड अशाच घराला बसतो ज्याने काटकसर म्हणून जुनी गाडी घेतलेली असते.

गाडी रस्त्यात बंद पडली असेल तर बॉनेट उघडण्याआधी माणसं सांभाळा. चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा आणि सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. घाटात एक मोह फार होतो: गाडी न्यूट्रलवर टाकायची आणि उतारावर सोडून द्यायची, खाली गॅरेज आहेच. कसारा असो, आंबेनळी असो, हे करू नका. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबला की त्याला इंजिनाकडून मिळणारी मदत संपते, पेडल घट्ट होतं, स्टिअरिंग जड होतं, आणि चुकून चावी निघाली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. गाडी टोइंगवाल्याकडूनच खाली आणा.

आता मुद्द्याकडे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत आपलं पहिलं यशस्वी इंजिन चालवलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं ना, तसंच, पण इथे हवा पंधरा-सोळा पटींनी दाबली जाते आणि तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. म्हणजे गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, योग्य दाबाचं स्वच्छ डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचलं पाहिजे, आणि नव्या गाड्यांत इंजेक्टर उघडायला कंप्युटरची परवानगी मिळाली पाहिजे. यातलं काय कमी पडतंय, एवढंच शोधायचं असतं.

यावरून एक गोष्ट लगेच कळते. सेल्फ जोरात फिरतोय, तर गाडीला धक्का मारून काही मिळणार नाही. धक्का मारणं म्हणजे सेल्फचं काम माणसांनी करणं. सेल्फ आपलं काम करतोच आहे, अडलंय दुसरीकडे. उन्हातान्हात चार जणांना कामाला लावू नका. टायमिंग बेल्ट गेलेला असेल, तर धक्क्याने आतलं नुकसान वाढेल.

पहिली परीक्षा कानाची. चांगल्या इंजिनाचा सेल्फ मारतानाचा आवाज एका लयीत येतो. प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना थोडा अडतो, म्हणून ठराविक ठेक्यात घरघर ऐकू येते. आपली गाडी नीट असताना हा आवाज एकदा मुद्दाम लक्ष देऊन ऐकून ठेवा, म्हणजे फरक पटकन कळेल. तो ठेका संथ, रडका झाला असेल तर बॅटरी, तिची टर्मिनलं किंवा स्टार्टर यांच्याकडे बघायचं. ठेका लंगडत असेल, म्हणजे दर काही फेऱ्यांनी एक ठोका हलका जात असेल, तर एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं असावं. आणि ठेका पूर्ण गायब होऊन इंजिन एकदम हलकं, सरळ सुरात फिरायला लागलं असेल, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटल्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी पुन्हा चावीला हात लावू नका. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि प्रत्येक फेरीगणिक खर्च वाढत जातो.

बॅटरीबद्दल एक गैरसमज आहे. "सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे" हे डिझेलच्या बाबतीत खरं नाही. संथ फिरणाऱ्या इंजिनात हवा पुरेशी तापत नाही, आणि पंपही दाब धरत नाही. साधा मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर इतर काही उघडण्याआधी बॅटरी चार्ज करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ती घासून काढा. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे फार लवकर होतं, आणि फक्त वरच्या टर्मिनलांवरच नाही, तर बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीच्या खालच्या टोकालाही होतं. तिथे सहसा कुणी बघत नाही.

जंप केबल लावणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हायवेवर ट्रकवाले मदतीला थांबतात, त्यांचं मन मोठं असतं, पण मोठ्या ट्रकची आणि एसटी बसची वीज २४ व्होल्टची असते आणि आपल्या गाडीची १२ व्होल्टची. ट्रकवरून जंप दिला तर गाडीचा कंप्युटर जळू शकतो. दुसरी कारच शोधा.

दुसरी परीक्षा डोळ्यांची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. गाडी न्यूट्रलवर टाका, हँडब्रेक ओढा, कुणाला तरी सायलेन्सरच्या बाजूला, थेट मागे नाही, उभं करा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. त्याने फक्त एवढंच सांगायचं: धूर येतोय की नाही, आणि येत असेल तर कुठल्या रंगाचा. धूर अजिबात नाही, वासही नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचतच नाहीये. पांढरा-राखाडी धूर येतोय आणि कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास आहे, म्हणजे डिझेल पोहोचतंय पण पेटत नाहीये. या एका निरीक्षणाने निम्म्या शंका बाजूला होतात. काळा धूर अशा वेळी क्वचितच दिसतो. दिसला तर हवेचा रस्ता तपासा. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी चिंध्या आणि कागद कोंबून घर केलेलं असतं.

धूर नसेल तर आधी साधं, मग अवघड. टाकीत डिझेल आहे का? काटा पाव टाकी दाखवतो म्हणून विश्वास ठेवू नका. जुन्या गाड्यांत टाकीतला फ्लोट अडकतो, आणि गाडी तिरकी उभी असेल तर थोडं डिझेल पाइपच्या तोंडाला लागतच नाही. कॅनमधून पाच लिटर टाकून बघा. मग डॅशबोर्ड. चावी ऑन केल्यावर इंजिनाचं पिवळं चिन्ह लागलं पाहिजे. ते लागतच नसेल तर कंप्युटरपर्यंत वीज पोहोचत नसावी, फ्यूज किंवा मेन रिले बघावा लागेल. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तारेचा तुकडा लावून काम भागवायची जुनी खोड गाडीला आग लावू शकते. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. बऱ्याच गाड्यांत अशा वेळीही सेल्फ फिरतो, फक्त डिझेल सोडलं जात नाही, त्यामुळे माणूस इंजिनात दोष शोधत बसतो. घरातली दुसरी चावी आणून बघा. काही फोर्ड आणि फियाट गाड्यांत धक्का बसल्यावर डिझेल तोडणारं एक बटण असतं. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळल्यावरही ते कधी कधी उडतं. पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते, ते दाबून परत बसवता येतं. आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. सगळ्या गाड्यांत ही खूण लागू पडत नाही, पण मेकॅनिकला सांगण्याजोगी नक्कीच आहे.

पावसाळ्यात बॉनेटखाली टॉर्च मारून वायरी बघायला विसरू नका. इंजिनाची ऊब आणि कोरडी जागा उंदरांना आवडते, आणि सेन्सरच्या बारीक वायरीवरचं आवरण कुरतडलं गेलं की गाडी अशीच, काही न बोलता बंद राहते. लेंड्या दिसल्या, वास आला, तर मेकॅनिकला फोनवरच सांगा. त्याचे दोन तास वाचतील आणि तुमचे पैसे.

ज्यांचा पंप कंप्युटरवर चालत नाही अशा जुन्या गाड्यांचं, म्हणजे पहिली इंडिका, सुमो, जुनी बोलेरो, कमांडर यांचं दुखणं वेगळं आणि सोपं. चावी ऑन केली की पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. नाही आला, तर बहुधा त्याची वायर निघालेली असते. जुन्या जीपमध्ये गाडी बंद करायची स्टॉप केबल ओढलेली राहून गेली का, हेही बघा.

आता ज्या जागी सर्वाधिक गाड्या अडतात त्या जागेबद्दल नीट सांगतो: फिल्टर, हवा आणि पाणी. टाकीपासून पंपापर्यंतच्या रस्त्यात कुठेही हवा शिरली की डिझेलची धार तुटते. गॅरेजमध्ये याला 'गाडीने एअर घेतली' म्हणतात. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर हे होतंच, पण त्याहून जास्त वेळा होतं ते फिल्टर बदलल्यावर. काल सर्व्हिसिंग झालं, आज सकाळी गाडी चालू होत नाही, अशी तक्रार असेल तर माझा पहिला संशय फिल्टरच्या रबरी वायसरवर असतो. तो दुमडला किंवा जुनाच वापरला की इतक्या बारीक फटीतून हवा आत ओढली जाते की बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही. घरच्या घरी एक चाचणी करता येते. रात्री गाडी उतारावर नाक खाली करून लावा. त्यामुळे मागची टाकी वर जाते आणि डिझेल मागे ओघळत नाही. सकाळी गाडी पटकन चालू झाली आणि सपाटीवर लावल्यावर मात्र त्रास दिला, तर हवा शिरतेय हे जवळपास नक्की.

बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर दाबायचं बटण किंवा पाइपात रबरी बल्ब असतो, तो हातपंप. तो दाबत राहा. दहा-वीस दाबांत तो कडक झाला, तर फिल्टरपर्यंत डिझेल आलेलं आहे. कितीही दाबला तरी पोकळच लागत असेल, तर टाकी रिकामी आहे किंवा कुठून तरी हवा येतेय. दाबल्यावर बल्ब चिपाडासारखा आतच राहिला, परत फुगला नाही, तर टाकीकडून येणारा रस्ता तुंबलाय. या तीन अनुभवांतला कुठला आला, हे मेकॅनिकसाठी सोन्याहून पिवळं आहे.

पाण्याचं तसंच. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी साठतं, आणि तिथे ते सोडायला छोटा स्क्रू असतो. गाडी बंद, इंजिन गार असताना तो सैल करून ग्लासभर डिझेल स्वच्छ पारदर्शक बाटलीत घ्या. पाण्याची साधी प्लॅस्टिकची बाटली चालते, फक्त ती आतून पूर्ण कोरडी हवी, नाहीतर तिच्यातलंच पाणी गाडीच्या माथी मारलं जाईल. बाटली पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी स्वच्छ थर बसतो आणि दोन्हींच्या मधली रेघ उजेडात धरली की ठसठशीत दिसते. काळसर गाळ, गंजाचे कण दिसले तर टाकीच साफ करावी लागेल. डिझेल भरल्यापासून थोड्याच अंतरावर गाडी बंद पडली असेल आणि बाटलीत पाणी निघालं, तर बाटली झाकण लावून जपून ठेवा, फोटो काढा, पंपाची पावती ठेवा. पंपवाल्याशी नुसतं तोंडाने भांडून उपयोग होत नाही, त्याच्यापुढे बाटली ठेवावी लागते. काम झाल्यावर स्क्रू घट्ट करायला आणि हातपंपाने पुन्हा डिझेल भरून घ्यायला विसरू नका.

धूर पांढरा येत असेल तर दिशा बदलते. इथे मेकॅनिक हमखास हीटर प्लगचं नाव घेतो, आणि जुन्या इंडिकासारख्या गाडीत ते खरंही असतं. त्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं, आणि गार इंजिनात हीटर प्लग तापल्याशिवाय ते पेटतच नाही. पण कॉमन रेल गाडी (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल पुरवणारी), विदर्भातली मे महिन्याची दुपार आणि कारण हीटर प्लग, हे मला पटत नाही. त्या हवेत ही इंजिनं प्लगशिवायही चालू होतात. महाबळेश्वरची जानेवारीतली पहाट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दोन-तीन प्लग गेलेले असतील तर गाडी धूर ओकत बराच वेळ अडून बसते. चावी ऑन करून हीटर प्लगचं वेटोळ्यासारखं पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबायची सवय नसलेले लोकही बरेच आहेत. तेवढं थांबून बघा.

धुराला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा नुकतंच इंधन भरलेलं असेल, तर पावतीवर काय लिहिलंय ते बघा. डिझेलमध्ये पेट्रोल ही हसण्यावारी न्यायची चूक नाही. कॉमन रेलच्या पंपाला वेगळं तेल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं, धातू धातूवर घासतो आणि त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो. पेट्रोल पंपावरच चूक लक्षात आली तर चावी ऑनसुद्धा करू नका, कारण काही गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलायला लागतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. याच कारणासाठी डिझेल संपलेल्या गाडीला सेल्फ मारत राहणंही वाईट. पंप कोरडा घासतो.

काही गाड्यांचं तंत्र असं असतं की गार असताना एका सेल्फमध्ये चालू, पण हायवेवर तासभर चालवून चहाला थांबलात की नंतर चालूच होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने काही घडलंच नाही अशी चालू होते. यात दोन संशयित आहेत. एक, तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर. दुसरा, झिजलेले इंजेक्टर. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून परतीच्या पाइपने टाकीकडे निसटतं, त्यामुळे रेलमध्ये दाब धरत नाही. कंप्युटर रेलमध्ये साधारण २०० ते ३०० बार दाब झाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाही, आणि सेल्फच्या वेगात तेवढा दाब उभा राहिला नाही तर गाडी चालू होणं शक्य नाही.

हे ताडून बघायची चाचणी सोपी आहे आणि तिला पाव तास लागतो. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक पारदर्शक बाटली जोडायची, सेल्फ मारायचा, आणि चारही बाटल्यांत किती डिझेल जमलं ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. तीन बाटल्यांत तळ झाकण्यापुरतंच डिझेल आणि चौथी भरत आली असेल, तर दोषी कोण हे तुम्हालाही दिसतं. 'चारही इंजेक्टर बदलावे लागतील' असं कुणी म्हणालं तर ही चाचणी आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगा. जो मेकॅनिक आनंदाने करून दाखवतो, त्याच्याकडे गाडी पुढेही द्या.

यापुढच्या बाबतीत कृपया हयगय करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायचे. कॉमन रेल गाडीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. चालत्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाबाने धावतं, आणि सेल्फ मारतानाही दाब शेकड्यांत असतो. केसाएवढी धार कातडीतून आत जाते. सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखं वाटतं, दुखतही नाही फारसं, आणि आत ते डिझेल मांस सडवत जातं. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, त्याच तासाला रुग्णालयात जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरणं हेही थांबलं पाहिजे. तापलेल्या हीटर प्लगवर ती वाफ अवेळी भडकते, पिस्टन फुटतात, समोर वाकलेल्या माणसाचा चेहरा भाजतो.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर वरचं काहीच करून बघू नका. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबईत आणि २०२१ च्या पुराने चिपळुणात कित्येक गाड्या बुडवल्या. अशा गाडीचा सेल्फ मारला तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. शिवाय पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला म्हणून विमा कंपनी इंजिनाचा दावा नाकारू शकते. बॅटरीची वायर काढा, गाडी उचलून न्या.

हिवाळ्यात लडाख-स्पितीला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एवढंच: आपल्याकडचं डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखं गोठतं आणि फिल्टर बंद होतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल लडाखसाठी आणलं. टाकी अर्ध्यावर आली की तिथलं भरा, आणि गोठलेल्या टाकीखाली शेकोटी कधीही पेटवू नका.

यानंतरही गाडी चालू झाली नाही तर मेकॅनिकला फोन करा, आणि "गाडी स्टार्ट होत नाहीये, लवकर या" एवढ्यावर थांबू नका. "दादा, सेल्फ चांगला फिरतोय, ठेका नेहमीसारखा आहे. धूर अजिबात नाही. हातपंप कडक होत नाही. परवा फिल्टर बदललाय. गार असतानाच हे झालं," असं सांगा. तो येताना वायसर घेऊन येईल. इलेक्ट्रिकलचं काम असेल तर तो स्कॅनरवाल्याला सोबत आणेल. गाडी गॅरेजला गेली तर सेल्फ मारताना स्कॅनरवर रेलचा दाब किती दिसला, तो किती हवा होता आणि कुठले कोड आले, याचा फोटो मागून घ्या. दुसरीकडे मत घ्यायचं ठरवलं तर तो कामी येतो.

कामाचा अंदाज लेखी घ्या आणि सांगा की विचारल्याशिवाय कुठलाही भाग बदलायचा नाही. काढलेला भाग परत मागा, विशेषतः इंजेक्टर. जुन्या इंजेक्टरला दुरुस्तीच्या बाजारात किंमत असते आणि तो तुमच्या मालकीचा आहे. बऱ्याच कॉमन रेल इंजेक्टरांवर अंकाक्षरांचा एक कोड कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसवला की तो कोड कंप्युटरमध्ये भरावा लागतो, नाहीतर गाडी चालू होऊनही खडखडते, धूर सोडते आणि आठवड्यात तुम्ही त्याच गॅरेजच्या दारात उभे राहता. गाडी ताब्यात घेण्याआधी तो भरला का, हे विचारा आणि बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.